लाडूसाहेबांची मासळी कशी बंद झाली

वरळी, कोळीवाडा
श्रावण शुद्ध तृतीया, शके १८१४

तीर्थरूप जगनमामांस, आणि ज्यांच्या चष्म्यातून हे पत्र मामांपर्यंत पोचणार आहे त्या करंज्याच्या शाळामास्तरांसही, वरळीहून महादेवाचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सारे धडधाकट आहोत. तुमची प्रकृती कशी आहे? मामीच्या गुडघ्याला तुमच्या बहिणीने पाठवलेले तेल रोज लावता की बाटलीकडे नुसते बघता, तेवढे कळवावे. ती मला दर दोन दिवसांनी विचारते आणि मी 'लावतात' म्हणून सांगून मोकळा होतो. उद्या ती तिकडे आली आणि बाटली भरलेली दिसली, तर आपण दोघेही सापडू.

परवा रेवसच्या मचव्यातून आलेल्या माणसाने तुमचा निरोप सांगितला की, वरळीत काय चालले आहे ते पोराने सविस्तर लिहावे, करंज्याच्या बंदरावर तीन बातम्या फिरताहेत आणि तिन्ही ऐकून मामीने देवापाशी नारळ बोलला आहे. तर पहिली बातमी, मी साहेबाला मारले, ही खोटी. दुसरी, तुमच्या बहिणीला पोलिसांनी धरून नेले, हीही खोटी. (तिला धरून न्यायला जेवढे पोलीस लागतील तेवढे सरकारकडे असतील, असे वाटत नाही.) तिसरी, वरळीच्या बायकांनी साहेबांना नऊ दिवस मासळी मिळू दिली नाही, ही मात्र अक्षरशः खरी आहे. आणि त्याचे कारण मी आहे, हेही खरे आहे. आता पहिल्यापासून सांगतो. मास्तर, मध्ये पाणी प्यायला थांबलात तरी चालेल, पण कुठले पान गाळू नका.

मी मॅट्रिक पास झालो तेव्हा तुम्ही इथे होताच. कोळीवाड्यात ढोलताशे वाजवत मला बंदरापर्यंत नेले, तुळसा काकूने माझ्यावरून नारळ ओवाळला, आणि बाबांनी सगळ्यांना सांगितले की आता पोरगा कॉलेजात जाणार. कॉलेजात काय असते ते कोणाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते, पण त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. पौषात कॉलेज सुरू झाले. तिथल्या पहिल्या वर्गाला प्रीव्हियस म्हणतात. त्याचा अर्थ 'आधीचा'. कशाच्या आधीचा, हे कोणी सांगत नाही. परीक्षा कार्तिकात असते, तोवर ते आपापले समजून घ्यायचे असते.

पहिला घोटाळा टोपीचा झाला. वर्गात शंभरावर मुले पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर बसतात. मागच्या बाकावरून खाली पाहिले की नुसती डोकी दिसतात, आणि प्रत्येक डोके आपली जात सांगत असते. ही ब्राह्मणाची पगडी, ही परभूची, हा पारशाचा उंच खोका, हे गुजराथ्याचे पागोटे. बाबांनी मला आपली ठेवणीतली तांबडी लोकरी टोपी दिली होती. ती घालून मी वर्गात गेलो तेव्हा कोणी काही बोलले नाही, पण माझ्या बाकावरचे तिघे जण हवा खायला म्हणून खिडकीकडे सरकले आणि थंडीचे दिवस असूनही तिथून परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गिरगावातून एक काळी गोल टोपी घेतली. दुकानात पुष्कळ टोप्या होत्या. ही एवढ्यासाठी घेतली की ती घालणाऱ्याविषयी काहीच सांगत नव्हती. तांबडी टोपी मी घरून घालून निघत असे आणि हाजी अलीच्या अलीकडे, बांधाच्या भिंतीपाशी, बदलत असे. येताना परत उलट. अंगाला वास राहू नये म्हणून मी चंदनाचे अत्तरही लावू लागलो. त्यामुळे बोंबलाचा वास गेला नाही, फक्त त्याला सोबत मिळाली.

आमचे इंग्रजीचे प्रोफेसर लॉडर साहेब. उंच, दाढी तांबूस, डोळे निळे, आणि इंग्रजी असे की शब्द तोंडातून निघताना वाटेत दोनदा दाढीत अडकतात. पहिला महिनाभर मला त्यांच्या व्याख्यानातला एकच शब्द कळत असे, तो म्हणजे आरंभीचा 'जेंटलमेन'. मी घरी येऊन बाबांना सांगितले की साहेब आम्हाला रोज सद्गृहस्थ म्हणतात. बाबा दोन दिवस वाड्यात सगळ्यांना तेच सांगत होते. बाकीचे व्याख्यान काय होते हे त्यांनी विचारले नाही, म्हणून त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

खिडकीकडे न सरकलेला एकच मुलगा होता. त्याचे नाव जयवंत. गिरगावातल्या परभूंचा, वडील हायकोर्टात, घरी घोड्याची गाडी. त्याने मला विचारले, तुझे वडील काय करतात? मी म्हटले, आमची गलबते आहेत. आता आपली होडी एक, आणि दुसरीत बाबांचा चौथा हिस्सा, म्हणजे अनेकवचन फारसे चुकीचे नव्हते. मग त्याने विचारले, आणि आई? मी म्हटले, ती सकाळी मोठमोठ्या लोकांच्या बंगल्यांवर जाऊन येते. हे तर तंतोतंत खरे होते. फक्त तिच्या डोक्यावर पाटी असते आणि ती मागच्या दाराने जाते, एवढे सांगायचे राहिले. जयवंताने मनातल्या मनात आमची एक मोठी कंपनी उभी केली, आणि मी तिच्यात सुखाने राहू लागलो.

माघात पारशांचे क्रिकेट सुरू झाले. जयवंताने मला एकदा मैदानावर नेले, आणि मग मी त्याला नऊ वेळा नेले. नेमकी लॉडर साहेबांच्या व्याख्यानाची वेळ. घरी मी रोज संध्याकाळी साहेबांनी काय शिकवले ते तुमच्या बहिणीला सांगत असे, आणि मैदानावर बसल्याबसल्या ते मला सुचतही चांगले. ती पाटी धुता धुता ऐकायची आणि जेवताना माझ्या ताटात मोठी तुकडी टाकायची. मामा, त्या तुकड्या गिळताना मला काहीच वाटले नाही असे नाही. पण मासा ताजा होता.

आता इथे लाडूसाहेब येतात. तुमची बहीण खंबाला टेकडीवर ज्या बंगल्यांना मासळी देते, त्यांतल्या एका साहेबाला ती लाडूसाहेब म्हणते, हे तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षे ती त्याच्याविषयी सांगत होती. लाडूसाहेबाला सरंगा लागतो, लाडूसाहेबाची मडम आजारी, लाडूसाहेब पोथीसारखे मराठी बोलतो. हा पोथीसारखे बोलणारा लाडूसाहेब आणि दाढीत शब्द अडकणारे माझे प्रोफेसर लॉडर हे एकच, हे ना तिच्या डोक्यात आले, ना माझ्या. (मास्तर म्हणतील, कसे आले नाही? मास्तर, तुम्ही कधी आपल्या आईने ठेवलेल्या नावावरून माणूस शोधला आहे का?)

पण साहेबांच्या डोक्यात आले. एकदा सरंगा निवडता निवडता तुमच्या बहिणीने त्यांना अभिमानाने सांगितले की माझा पोरगा कॉलेजात आहे, महादेव चंदू. साहेबांना हजेरीपुस्तकातले नाव आठवले. ते गंभीर होऊन म्हणाले, "बाई, आपले चिरंजीव वर्गात विरळा दिसतात."

ती म्हणाली, "वरलीलाच दिसनार सायेब, घरच तिथं हाय आमचं."

साहेबांना वाटले, पोरगा घरीच पडून असतो म्हणजे आजारी असावा. त्यांनी हात उंचावून सांगितले, "त्यांच्या प्रकृतीस शीघ्र आराम पडो." तुमच्या बहिणीने तो आशीर्वाद पदरात बांधून घरी आणला आणि मला सांगितला. मीही लाडूसाहेबाला मनोमन धन्यवाद दिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर गेलो, कारण त्या दिवशी गोऱ्यांशी सामना होता.

हे असे आठवडाभर चालले. रोज साहेब विचारायचे, प्रकृती कशी आहे? रोज ती सांगायची, बरी हाय सायेब, दोन वाडगे भात खातो. शेवटी साहेबांचा स्वयंपाक करणाऱ्या गोवेकर बबर्जीला राहवले नाही. त्याने तिला मागच्या पायरीवर बसवून, तिला कळेल अशा भाषेत सांगितले की अगो, तुझा झील वर्गात जायनाच.

त्या संध्याकाळी तुमच्या बहिणीने नेहमीप्रमाणे विचारले, आज काय शिकवलं? मी सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, मधे दोनदा हूं म्हटले, पाटी धुऊन भिंतीला उभी केली. मग म्हणाली, "बरं झालं तू सांगितलंस. लाडूसायबालाच ठावं नव्हतं त्यानं आज काय शिकवलं ते. त्यो घरीच व्हता, त्याला ताप हाय."

मामा, त्या दिवशी मला एकाच वेळी तीन गोष्टी कळल्या. लाडूसाहेब कोण ते, तुमच्या घराण्यात धीर किती असतो ते, आणि ताटात नुसता भात कसा लागतो ते.

तेव्हापासून माझे कॉलेज खंबाला टेकडीवर भरू लागले. मी सकाळी वर्गात जे करीन ते दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी सांगितले जाई, तिथून बाजारात, बाजारातून दुपारी कोळीवाड्यात. मी एकदा न्यायशास्त्राच्या तासाला डुलकी काढली. दुसऱ्या दिवशी घरी येताना तुळसा काकू जाळे विणीत बसली होती. तिने मान वर न करता विचारले, "निजलास का रं पोटभर?" न्यायशास्त्र म्हणजे काय हे वाड्यात कोणाला माहीत नव्हते, पण त्या तासाला निजू नये याविषयी सगळ्यांचे एकमत होते.

शिमग्यानंतर टर्मिनल परीक्षेचा निकाल लागला. इंग्रजीत मी नापास. प्रश्न निबंधाचा होता, विषय 'समुद्रावरील वादळ'. वरळीच्या मुलाला देव याहून काय देणार? पण मी विचार केला की हा कागद साहेब वाचणार, कदाचित वर्गात दाखवणार, शेजारी जयवंत असणार. होडीतला समुद्र लिहिला तर कंपनी बुडेल. म्हणून मी एका इंग्रजी पुस्तकातला समुद्र लिहिला. त्यात बर्फाचे डोंगर घातले, देवमासा फवारे उडवत आणला, कप्तान गुडघे टेकून प्रार्थना करतो असे दाखवले, आणि शेवटी सगळ्यांना एका बेटावर नेऊन ठेवले. निबंधाखाली साहेबांनी तांबड्या शाईने एकच प्रश्न लिहिला होता. त्याचे मराठी असे: 'आपण वरळीस राहता. आपल्या या समुद्रात एकही खाण्याजोगा मासा का नाही?'

घरी गेलो. दारात तुमची बहीण, तिच्यामागे तुळसा काकू, आणि आणखी सहासात जणी. विचारले, काय झालं? मी म्हटले, नापास. का? माझ्या तोंडून निघून गेले, "साहेब म्हणतात, यात मासा नाही."

मी खुलासा करायला हवा होता. एक वाक्य पुरले असते. पण तुमच्या बहिणीच्या चेहऱ्यावरचा माझ्यावरचा राग उतरून दुसरीकडे कुठेतरी जाताना मला दिसला, आणि तो जातोय तर जाऊ द्यावा, असे मला वाटले.

"दोन वरसं ह्याला निवडून निवडून सरंगा घातला," ती हळूच म्हणाली, "आन् माज्या पोराच्या कागदात ह्याला आजून मासा पायजे?"

तुळसा काकू म्हणाली, "मंग दावूया त्याला मासा."

दुसऱ्या दिवसापासून लाडूसाहेबांच्या बंगल्यावर मासळी गेली नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या दुसऱ्या दोन प्रोफेसरांची बंद झाली. चौथ्या दिवशी खंबाला टेकडीवरच्या ज्या ज्या साहेबाला दाढी होती त्याची बंद झाली, त्यात एक जज्ज आणि एक बँकेचे साहेब विनाकारण सापडले. बबर्जी क्राफर्ड मार्केटात गेला, तर तिथे तुळसा काकूची नणंद बसते. तिने त्याला नाव विचारले, बंगला विचारला, आणि पाटीवर फडके टाकले. सहाव्या दिवशी कोणीतरी म्हणाले की ज्यांची पोरे कॉलेजात जातात ती घरेही साहेबांच्याच बाजूची, आणि गिरगावातल्या काही आळ्याही बंद झाल्या. मी रोज वर्गात जाऊन बसत होतो. एकही तास चुकवला नाही. लॉडर साहेब दिवसेंदिवस बारीक आवाजात शिकवत होते.

नवव्या दिवशी तास संपल्यावर त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावले. जयवंत माझ्याबरोबर आला आणि दाराशी थांबला. साहेब खुर्चीत बसले, चष्मा काढला, आणि मराठीत म्हणाले, "आपल्या मातोश्रींनी माझा त्याग केला आहे. माझ्या हातून कोणता अपराध घडला, हे मला कळेल काय?"

दाराशी जयवंत होता. इंग्रजीत सांगावे तर मला येत नव्हते, मराठीत सांगावे तर त्याला ऐकू जात होते. शेवटी मराठीत सांगितले. मासा नाही म्हणून नापास केले असे मी घरी म्हणालो, आईने त्याचा वेगळा अर्थ घेतला, आणि मी तो घेऊ दिला. साहेब उठून खिडकीकडे गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटले संतापाने. वळले तेव्हा डोळे पुसत होते.

"सत्य त्यांस सांगा," ते म्हणाले. "आणि बुधवारच्या आत सांगा. बुधवारी मोठे पाद्रीसाहेब भोजनास येणार आहेत आणि घरात केवळ डब्यातली मासळी आहे."

बाहेर आलो. जयवंत माझ्यामागून जिन्यापर्यंत आला. जिन्यावर थांबून म्हणाला, "म्हणजे तुझी आई सरंगा विकते?" मी हो म्हटले. "रोज?" मी म्हटले, रोज. "आणि आमच्या आळीत चार दिवस मासळी नाही, आजी जेवत नाहीत, वडील आईशी बोलत नाहीत, हे सगळे तुझ्या निबंधापायी?" मी मान हलवली. मला वाटले, आता हा खिडकीकडे सरकणार. तो म्हणाला, "मूर्खा, दोन महिने मी तुला माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी खायला घालतोय. तू एकदा तरी तोंड उघडायचे होतेस." आणि तो माझ्याबरोबर ग्रँट रोडपर्यंत चालत आला. वाटेत, तळलेला सरंगा घरून आणला तर थंड किती होतो, एवढेच त्याने तीनदा विचारले.

त्या दिवशी मी तांबडी टोपी घालायला भिंतीपाशी थांबलो नाही. ते शौर्य नव्हते, मी विसरलो. काळी टोपी तशीच डोक्यावर घेऊन मी बंदरावर गेलो. बायका बोंबील सुकवायच्या वलांड्यांखाली सावलीला बसल्या होत्या. मी उभा राहून सांगितले की साहेबांची चूक नाही, साहेबांनी मासा मागितला नव्हता, निबंधच खोटा होता. तुळसा काकू म्हणाली, "वाच. काय लिवलंस ते आमाला पन कलू दे."

मग मी खिशातून कागद काढला आणि त्यांना मराठीत सांगत वाचला. बर्फाचे डोंगर आले तेव्हा त्या हसल्या नाहीत, कारण त्यांना वाटले मला ताप आहे. देवमाशाने फवारा उडवला तेव्हा एकीने तोंडाला पदर लावला. कप्तान सुकाणू सोडून गुडघे टेकून बसला तेव्हा तुळसा काकूला ठसका लागला. ती म्हणाली, "सुकान कोन धरतो मंग? त्यो देवमासा?" आणि मग वलांडीखाली एकही बाई सरळ बसलेली राहिली नाही. कोणी माझ्या पाठीवर थापा मारत होती, कोणी मला पुन्हा तेवढेच वाचायला सांगत होती. नापासाचा निकाल इतक्या आनंदाने कुठे ऐकला गेला नसेल.

एकटी आई हसली नाही. ती वलांडीवरचे बोंबील उलटत होती. हसणे ओसरल्यावर तिने विचारले, "आमची लाज वाटली का रं तुला?"

मला खूप उत्तरे येत होती. टोपीचे, जयवंताचे, खिडकीकडे सरकलेल्या तिघांचे. मी म्हटले, "वाटली."

तिने हातातला बोंबील वलांडीवर टाकला. मग म्हणाली, "सकाली लवकर ऊठ. पाटी तू घे."

मामा, पाटी डोक्यावर घेऊन हाजी अलीचा बांध चालणे म्हणजे काय, हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हते. वारा बाजूने येतो आणि मान आपली राहत नाही. आई पुढे रिकाम्या हाताने चालली होती आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होती, माझा पोरगा, कॉलेजात असतो. मी कॉलेजातला दिसत नव्हतो, पण कोणी तिला विचारायची हिंमत केली नाही.

बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात साहेब स्वतः येऊन उभे राहिले. आई म्हणाली, "पोरगा चुकला सायेब, तुमी नाय." साहेबांनी वाकून नमस्कार केला. मग तिने पाटीवरचे फडके काढले. आत बोंबील होते. बबर्जीने विचारले, आन् सरंगा? आई म्हणाली, "सरंगा पाद्रीसायबासाठी बुधवारी. तुमच्या सायबासाठी, पोरगा पास झाल्यावर. चूक त्याची हाय, पन नापास तुमीच केलाव."

साहेबांना हे काय ते बबर्जीने समजावले, आणि त्यांनी ते न्याय्य आहे असे सांगून मान्य केले. त्यांनी मला तिथेच पायरीवर बसवले, कागद दिला आणि म्हणाले, आई व बबर्जी यांची घासाघीस संपेपर्यंत वरळीचा समुद्र लिहा. मी लिहू लागलो. बाबांचे जाळे एकदा खडकाला अडकले आणि ते कापायचे की थांबायचे यावरून त्यांचे नि होडीवरच्या गणपत काकांचे भांडण झाले, वारा चढत होता आणि दोघे भांडत होते, ते लिहिले. माशांची इंग्रजी नावे मला येत नव्हती, म्हणून मराठीच ठेवली. साहेबांनी वाचले. तांबडी शाई घेतली, दोन ठिकाणी क्रियापद दुरुस्त केले, आणि विचारले, "मग जाळे कापले काय?" मी म्हटले, अजून भांडताहेत. साहेब बराच वेळ हसत होते.

तेव्हापासून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत रोज सकाळी अर्धा तास मागच्या पायरीवर माझा वर्ग भरला. घासाघीस पाच मिनिटांत संपण्याजोगी असते, पण आई आणि बबर्जी ती अर्धा तास पुरवत. सुट्टीनंतर साहेबांनी वर्गाची पुन्हा परीक्षा घेतली आणि मी पास झालो. पहिल्या दहांत नाही, शेवटच्या दहांतही नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, सरंगा कुठून आणायचा? पण आई म्हणाली शब्द म्हणजे शब्द, आणि खाडीत गळ टाकून मिळालेली एक बारकी जिताडी तिने पदराखाली झाकून भर पावसात साहेबांना नेऊन दिली. साहेबांनी ती हातात घेऊन तिला इंग्रजीत काहीतरी म्हटले. आई म्हणते, तिला सगळे कळले. काय कळले ते सांगत नाही.

जयवंत आता रविवारी आमच्याकडे येतो. पगडी खुंटीला टांगतो, जमिनीवर बसतो आणि आईला 'मावशी' म्हणतो. कंपनीचे नाव काढत नाही. वर्गातले ते तिघे अजून खिडकीपाशीच आहेत. मी मागच्या बाकावर ऐसपैस बसतो.

हे झाले खरे. करंज्याच्या बंदरावर यातले जे सांगण्यासारखे असेल ते सांगावे. मामीला नमस्कार. मास्तरांचा घसा दुखला असेल तर क्षमा असावी.

तुमचा भाचा,
महादेव चंदू वरळीकर

ता. क. मुख्य कारण लिहायचे राहून गेले. नारळी पौर्णिमेसाठी बाबांनी होडी रंगवली आहे आणि लालबागच्या रंगाऱ्याकडून तिच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, हातभर अक्षरांत 'महादेव बी. ए.' असे लिहून घेतले आहे. मला बी. ए. व्हायला अजून तीन वर्षे आहेत, आणि झाले तर. सगळी वरळी ती होडी बघायला येते. तुम्ही बाबांहून वडील आहात. पौर्णिमेच्या आधी येऊन निदान शेवटची दोन अक्षरे खरवडायला लावा, अशी विनंती आहे.

ता. क. २. मास्तर, हे मामांना एकट्याला वाचून दाखवा. मामा, वर लिहिले ते कारण खरे नाही. खरे हे की गेल्या हंगामात होडीवर एक माणूस कमी होता, म्हणजे मी. बाबा मला काही बोलले नाहीत. मीच एकदा पहाटे बंदरावर गेलो तर पाहिले, माझ्या वल्ह्याच्या जागी त्यांनी वजनाला एक मोठा दगड ठेवला होता, आणि दोघांचे काम ते आणि गणपत काका करत होते. आता पुन्हा हंगाम सुरू होईल आणि कार्तिकात माझी परीक्षा. तुमच्या मुलाला, आनंदाला, तेवढे तीन महिने इकडे पाठवता येईल का? मी लिहिले असे बाबांना कळू देऊ नका. त्यांना वाटते, मी दगड पाहिला नाही.

ता. क. ३. मी हे मोठ्याने वाचून तपासत होतो, आणि बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळे ऐकले. म्हणतात, आनंदा येत असेल तर येऊ दे, पण महादेवाच्या वजनाचा असेल तरच, दगड अंमळ जड निघाला होता आणि हंगामभर होडी डावीकडे कलत होती. अक्षरे खरवडणार नाहीत. आणि आनंदाला वाचता येत नसेल तर अधिक बरे, असे लिहायला सांगतात, कारण होडीच्या नावावरून त्यांना घरात आणखी कोणाशी वाद नको आहे.